बिनछपराचा चौक

“आयुष्यभर गाड्यांच्या कंपनीत ऱ्हायली, अन् मरन आलं बघ यष्टीत.”

आत्याच्या घराखाली नळ आहे. तिथे घागर लावून दोघी जणी उभ्या होत्या, त्यांतली एक दुसरीला सांगत होती. मी त्यांच्या मागेच जिन्याच्या पायरीवर बसले होते. पुण्याकडून निघून गंगाखेडला नुकतीच पोचले होते. खांद्यावरची बॅगही काढली नव्हती. वर माणसं जमली होती आणि मला वर जाववत नव्हतं...

“राणीसावरगावच्या बाजाराला गेल्याली. येताना खिडकीला डोकं टेकून बसली. कंडक्टरला वाटलं, डोळा लागलाय. स्टँडात सगळी गाडी रिकामी झाली तरी उठंना, तवा हात लावून बघितलं म्हनं.”

“चांगलं मरन हाय की मग. कुनाला तरास न्हाई.”

“ते हायच. पन करायची काय गं ती कंपनीत?”

“कोन जाने. गाड्या जोडत असंल.”

“साडी नेसून?”

दोघी पदराआड हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आत्याला ऐकू आलं असतं तर तीही हसली असती, वर तिने आणखी काहीतरी जोडून दिलं असतं. मग एकीचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने दुसरीला कोपराने ढोसलं आणि दोघी नळाकडे वळल्या. आत्या कंपनीत काय करायची, हे मला माहीत होतं. सांगायला फार वेळ लागला नसता. पण मी उठले, घागरीला पाय लागणार नाही असं बघून बाजूने निघाले आणि जिना चढून वर गेले.

गिरिजाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पप्पा तिला अक्का म्हणायचे, म्हणून सगळं गावही अक्काच म्हणायचं. ती आर्किटेक्ट होती. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचा मोठा परिसर पुण्याच्या पलीकडे माळावर आहे. तिथे गाड्या बनत नाहीत, पुढे बनायच्या गाड्यांचा विचार होतो, त्यांची इंजिनं तपासतात, त्यांचे आकार ठरवतात. तिथल्या बऱ्याचशा इमारती आत्याने काढलेल्या आहेत. तिची उमेदीची वर्षं तिथे गेली. निवृत्त झाल्यावर ती गंगाखेडला परतली आणि बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. त्या परिसरात फोटो काढायला कधीच परवानगी नव्हती, त्यामुळे आपल्या एकाही इमारतीचा फोटो तिच्याजवळ नव्हता. गावात कुणी विचारलं तर ती म्हणायची, “बांधकामावर होते.” तेही खोटं नव्हतं.

मीही आर्किटेक्ट आहे. आत्या निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी मी त्याच परिसरात, ती ज्या इमारत विभागात होती त्याच विभागात कामाला लागले. ती माझी आत्या आहे हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. का ठाऊक नव्हतं ते पुढे सांगते. एवढं खरं की, गंगाखेडला तिने आयुष्यात काय केलं हे माहीत नव्हतं, आणि जिथे तिने ते केलं तिथे ती गेली हे माहीत नव्हतं. दोन्हीकडे जाणं-येणं असलेली मी एकटी. आणि मी फारसं बोलत नाही.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मी वर गेले तेव्हा आत्याला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, मांडी घातलेली. आत्या मांडी घालूनच बसायची, खुर्चीतसुद्धा. त्यामुळे ती आता मान वर करील आणि म्हणेल, आलीस का, जेवलीस का... असं सारखं वाटत राहिलं. पुरायच्या जागी स्वामी मंत्र म्हणत होते. पप्पा खड्ड्याच्या काठाशी उभे राहून आत बघत होते. त्यांनी खणणाऱ्याला हळूच विचारलं, “अक्काला जागा पुरंल का रे?” तो घाम पुसत म्हणाला, “बसायला लागती तेवढी हाय, मालक.” पप्पांनी मान हलवली. ते तिच्याबद्दल एवढंच बोलले, त्या दिवशीही आणि नंतरही. आमच्या घरात हे बोलण्याचं असंच आहे. परभणीला घरी परतल्यावर त्यांनी आत्याचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि कपाट लावून टाकलं.

मला आत्या खरी कळली ती बैलबाजारात. मी परभणीला इंग्रजी शाळेत शिकत होते. ती सुट्टी घेऊन गावाकडे आली की मला काही दिवस गंगाखेडला न्यायची आणि बाजाराच्या दिवशी सकाळी बैलांत घेऊन जायची. आम्हाला बैल घ्यायचा नसायचा. माझे आजोबा, म्हणजे तिचे आप्पा, तिला लहानपणी असंच न्यायचे. पप्पांचा जन्म फार उशिरा झाला, तोवर बाजाराला सोबत म्हणून तीच असायची. आप्पांची एक रीत होती. बैल कधी गोठ्यात बघायचा नाही, उन्हात आणून उभा करायचा. मग बरोबर आलेल्या सगळ्यांनी एक अक्षर न बोलता त्याच्याभोवती फेरी मारायची. फेरी झाली की सगळ्यात लहान माणसाने आधी बोलायचं. आप्पा स्वतः शेवटी. “मोठा आधी बोलला की बारक्याला तेवढंच दिसतं,” असं ते म्हणायचे, आणि ते बारकं माणूस म्हणजे परकर नेसलेली गिरिजा. एकदा तिने सांगितलं, हा बैल पुढून लय देखणा हाय, पन मागून दुसराच वाटतो. आप्पांनी तो बैल सोडून दिला. व्यापाऱ्याने आप्पांची भर बाजारात टर उडवली, पोरीच्या अकलेनं संसार करा म्हणाला. पुढे त्या बैलाचं काय झालं, खरंच त्याच्यात खोट होती का, हे मी आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, “ते कुनाला ठाव? आप्पांनी माझं ऐकलं, तेवढंच ध्यानात ऱ्हायलं बघ.”

मलाही तिने एका तांबूस लालकंधारी बैलाभोवती फिरवलं होतं. मी फिरले. बैलाची पाठ, वशिंड, पुठ्ठ्यावरून सरकणारं ऊन, सगळं पाहिलं. मला पुष्कळ दिसलं होतं. पण माझ्या मनात वाक्यं इंग्रजीत जुळायची, ती मराठीत आणेपर्यंत समोरच्याचा चेहरा बदललेला असायचा. मी नुसतीच उभी राहिले. व्यापारी वैतागला. “पोरगी मुकी हाय का, अक्का?”

“मुकी न्हाई,” आत्या म्हणाली. “बघायलीय.”

माझ्या गप्प राहण्याला इतकं चांगलं नाव त्याआधी कुणी दिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी आम्ही गोदावरीच्या घाटावर बसायचो आणि ती मला त्या परिसराच्या गोष्टी सांगायची. गाड्यांबद्दल ती एक शब्द बोलायची नाही, ते तिच्या हाडात मुरलेलं होतं. बोलायची ती जागेबद्दल. सुरुवातीला तिथे मुरमाड माळ होता, बाभळी होत्या आणि पत्र्याची एक लांब शेड. त्या शेडमध्ये परदेशी गाड्या आणून त्या खोलायच्या आणि एकेका भागाचं चित्र काढायचं, असं काम चाले. आत्या तिथे लागली तेव्हा विभागात ती सगळ्यात लहान, आणि बाई म्हणून एकटीच. “माझी तिथली पहिली इमारत कोनती ठाऊक हाय का?” ती मला विचारायची. मला पाठ होतं तरी मी नाही म्हणून मान हलवायची. “बायकांचा संडास! साहेब म्हनाले, एकट्या बाईसाठी कशाला? मी म्हनलं, बांधा तर, मग बाया येतेत का न्हाई बघा.” आणि ती घाटावर मोठ्याने हसायची, आजूबाजूची माणसं वळून बघायची, मी शरमून जायची.

मग इंजिनं तपासायच्या खोल्या आल्या. इंजिन सुरू झालं की पलीकडच्या चित्रशाळेत टेबलं थरथरायची, रेघ हलायची. आत्याने त्या टेबलावर चहाचा कप ठेवून सगळ्या साहेबांना भोवती उभं केलं आणि चहावर उठणारी वलयं दाखवली. त्यानंतर तिला दोन्ही इमारतींचे पाये वेगळे करायला मिळाले. पायासाठी खणताना निघालेला काळा दगड तिने बाहेर जाऊ दिला नाही, त्याच्याच भिंती बांधल्या. खणलेल्या खड्ड्याचं तळं झालं, पावसाळ्यात आता तिथे बगळे येतात. इंजिनवाले आणि आकार काढणारे एकमेकांशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात, असं पाहिल्यावर तिने दोघांच्या नव्या इमारतीला जिना एकच ठेवला. वर जायचं तर समोरासमोर यावंच लागे. “भांडणं वाढली की कमी झाली?” मी विचारलं. “वाढली की,” ती म्हणाली. “पन तोंडावर व्हायला लागली.”

आणि चौक. तो मात्र ती सावकाश सांगायची. कंपनीने स्वतः आकार दिलेली पहिली गाडी जिथे घडली त्या दालनाला खिडक्याच नव्हत्या, कारण आतलं बाहेर दिसता कामा नये. गाडीचा पूर्ण मापाचा मातीचा नमुना तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात घडवला, त्याच उजेडात पाहिला आणि पसंत केला. मग गाडी तयार होऊन रस्त्यावर उन्हात आली, आणि दारांच्या खालच्या बाजूला अशी सावली पडू लागली की गाडीला पोट सुटलंय असं वाटे. आत तिचं पोट कुणालाच दिसलं नव्हतं, कारण तिथे उजेड सगळीकडून सारखा होता. पुढे मोठी बैठक बसली. कुणी म्हणालं दिवे बदला, कुणी म्हणालं रंग बदला. आत्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे बैल गोठ्यात बघून घेत नाहीत. सगळे हसले. हसणं थांबल्यावर तिने आप्पांची रीत सांगितली, आणि मग तिला चौक बांधायला मिळाला.

तो असा आहे. आकार घडवायच्या दालनाला लागून एक लांबरुंद मोकळी जागा, चारही बाजूंनी उंच भिंती, वर आकाश. शेजारच्या टेकडीवर कुणी चढलं तरी आतलं दिसणार नाही इतक्या भिंती उंच. त्यांना राखाडी रंग, कारण पांढऱ्याची चमक गाडीच्या अंगावर पडते. खाली खरखरीत फरशी. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन नमुन्याच्या कुशीवरून सरकत जावं अशी त्याची दिशा. मातीचा नमुना चाकांच्या चौथऱ्यावरून दालनातून बाहेर ढकलत आणायचा आणि मधोमध उभा करायचा. आणि मग आप्पांचा बैलबाजार जसाच्या तसा... एक मुकी फेरी, आणि फेरीनंतर सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, मोठ्या साहेबांनी शेवटी. गंगाखेडच्या बाजारात शिकलेली ही रीत कित्येक वर्षं तिथे चालली. मागाहून आलेल्या माणसांना वाटायचं, ती परदेशातून आलेली आहे.

मला त्या परिसरात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी आधी आत्याकडे गेले. पेढा तोंडात टाकायच्या आधी ती म्हणाली, “तिथं माझं नाव सांगू नको.”

“का?”

“तू नवी हायेस तवर तुझ्या बोलन्याला किंमत हाय. गिरिजा मॅडमची भाची म्हनून आत गेलीस की संपलं. मग तू काय बी बोल, लोक म्हनतील, मॅडमच बोलायल्यात.”

“मी तसंही बोलत नाही, आत्या.”

“बोलशील. सबर हाय मला. पन शब्द दे.”

मी शब्द दिला. आमचं आडनाव आमच्या भागात गल्लोगल्ली सापडतं, आणि तिथे तर तिला सगळे गिरिजा मॅडम म्हणूनच ओळखायचे, त्यामुळे शब्द पाळणं जड गेलं नाही. उलट मला ते सोयीचंच होतं. खोली भाड्याची, डबा बाहेरचा, विभागात सगळे माझ्याहून मोठे. कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. मातीचे नमुने घडवणारे घोलपकाका तेवढे जेवताना माझ्या समोर येऊन बसायचे आणि जुन्या गोष्टी सांगायचे. त्यात गिरिजा मॅडम हमखास असायच्या. मी अनोळखी माणसाची गोष्ट ऐकावी तशी ऐकायची. एकदा म्हणाले, “मॅडम म्हणजे आग होती, बाळा. साहेबांनी स्वतःच्या हाताने चौकात आंब्याचं रोप लावलं, तर दुसऱ्या दिवशी उपटून फेकलं. सावली पडेल म्हणे.” रविवारी मी आत्याला फोन करत असे. त्या रविवारी हे सांगितलं तर ती उसळली. “खोटं बोलायलाय घोलप! उपटलं न्हाई, हलवलं. तळ्याच्या काठाला बघ.” सोमवारी मी बघितलं. तळ्याच्या काठाला आंब्याचं चांगलं मोठं झाड आहे. मी त्याच्याखाली जरा वेळ उभी राहिले आणि घोलपकाकांना काहीच बोलले नाही.

तिच्या शेवटच्या दिवसांत आमची एक भेट झाली, ती याच चौकावरून. आता गाड्यांचे आकार पडद्यावर घडतात, डोळ्यांना यंत्र लावून बघतात. मातीचा नमुना क्वचित होतो, चौकात तर त्याहून क्वचित येतो. मोठ्या पडद्यासाठी अंधारं दालन हवं होतं आणि चौक नेमका त्या मापाचा होता. त्यावर छप्पर घालायचा विचार सुरू झाला आणि त्याचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते कागद घेऊन गंगाखेडला गेले. तसे ते बाहेर न्यायचे नसतात, पण ज्या माणसाने चौक बांधला त्याला तरी ते दिसायला हवेत, असं मला वाटलं. आत्या गॅलरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात झटकले, कागद मांडीवर घेतला.

“मग टाका की,” ती म्हणाली.

“तुला काही वाटत नाही?”

“काय वाटायचंय? मी काय देऊळ बांधलं का तिथं? काम बदललं की जागा बदलायची, बाई. बैलबाजार बी आता मोबाइलवर भरायलाय. फोटू बघून बैल घेतेत लोकं.” मग कागदावर नाक टेकवून बघायला लागली. “पानी कुठं काढलंयस? ही पन्हळ हितं काढशील तर पहिल्या पावसात दालन भरतंय. दे ती पेन्सिल.” आणि तिने माझ्या हातातून पेन्सिल घेऊन, स्वतः बांधलेल्या चौकाच्या छपराचं पाणी कुठून जावं याची रेघ ओढून दिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला वाईट वाटतंय का ते शोधत होते. पण तिला खरंच वाईट वाटत नव्हतं. तिला पन्हळीची काळजी होती.

कागद परत देताना तिने विचारलं, “तुला काय वाटतं?”

खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत मला निमित्त होतं. तो संपल्यावर मी कागदाची घडी घालत राहिले.

“बरं,” ती म्हणाली. “बघून सांग.” आणि शेंगांचं सूप पुन्हा पुढे ओढलं.

त्यानंतर फोनवर आम्ही इतर पुष्कळ बोललो, म्हणजे ती बोलली. चौकाचं तिने पुन्हा विचारलं नाही. मग पप्पांचा फोन आला.

आत्याचे दिवस झाल्यावर मी कामावर परतले. घरी काम होतं, असं सांगितलं. ‘सगळं ठीक ना?’ असं एकाने विचारलं आणि मी हो म्हणाले, पुढे तो आणि मी आपापल्या पडद्यांकडे वळलो. माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात, तेच तेच विचारतात, कसं झालं, केव्हा झालं, आणि त्या सांगण्यानेच घरातल्यांना ते हळूहळू खरं वाटायला लागतं, हे मला तेव्हा कळलं. मला कुणीच विचारणार नव्हतं. तिच्या काळ्या दगडांच्या भिंतींजवळून मी जायची, तिच्या जिन्यावर समोरून येणाऱ्याला वाट द्यायची. एकदा दुपारी रडू आवरेना तेव्हा कुठे जावं सुचेना, म्हणून परिसराच्या जुन्या टोकाकडे चालत गेले. तिथली बायकांची ती छोटी इमारत अजून आहे. वापरात आहे. आत दुसऱ्या विभागातली एक मुलगी तोंड धूत होती. मला बघून तिने नळ सोडून जागा करून दिली आणि काही न विचारता बाहेर गेली. मी पुष्कळ वेळ तिथे उभी होते. रविवारी मात्र फार जड जायचं. हात सवयीने फोनकडे जायचा, नाव सापडायचं, आणि मग तो फोन परभणीच्या कपाटात बंद पडलेला आहे हे आठवायचं.

छपराचं ठरवायची वेळ आली तेव्हा मोठे सर म्हणाले, बैठक खोलीत नको, चौकातच घेऊ, आणि जुन्या पद्धतीने घेऊ. ती पद्धत आता मोडल्यातच जमा होती. माझ्यासारख्या नव्या माणसांनी ती फक्त ऐकलेली होती. दुपार कलताना सगळे जमले. घोलपकाका आणि त्यांच्या माणसांनी मातीचा एक नमुना ढकलत आणून मधे उभा केला. बहुधा चौकात आलेला शेवटचाच. सर भिंतीकडे बघत म्हणाले, “गिरिजा मॅडमना आज बोलवायचं होतं. किती दिवस फोन लावतोय, बंदच लागतो. कुणाकडे पत्ता आहे का त्यांचा?”

“परभणीकडच्या कुठल्याशा गावच्या होत्या,” घोलपकाका म्हणाले. “रमल्या असतील गावी, साहेब. आता कशाला आपला फोन उचलतात?”

“रागावल्या असतील,” कुणीतरी म्हणालं. “छपराचं कानावर गेलं असेल!”

सगळे हसले. मी मागच्या रांगेत होते. हातातले कागद मी छातीशी धरले. मग सरांनी हात वर केला आणि फेरी सुरू झाली.

चालताना फक्त पावलांचा आवाज होता. मी नमुन्याकडे बघत होते. ऊन त्याच्या कुशीवरून सरकत होतं, पुढच्या चाकावरच्या कमानीशी जरा थांबल्यासारखं व्हायचं आणि मग दारावरून मागे निघायचं. ते पडद्यावर मी पाहिलं नव्हतं. मग मी माणसांकडे बघितलं. त्यांत सर होते, घोलपकाका होते, इंजिनवाले होते, पडद्यावर आकार काढणारे होते. सगळे सारख्याच चालीने चालत होते, माना किंचित वाकवून, आणि या वेळेपुरतं कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. इतकी माणसं एका वस्तूकडे एकत्र गप्प राहून बघताहेत, असं मी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी पाहिलेलं नाही. छपराखाली ती पडद्याकडे बघतील आणि पडद्याभोवती फेरी मारता येत नाही... हे मला माझ्या भाषेत, मराठीतच, सरळ सुचलं.

फेरी संपली. “सगळ्यात नवीन कोण?” सरांनी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. घोलपकाका हसून म्हणाले, “बोल बाळा, घाबरू नकोस.”

मी आत्याला शब्द दिलेला होता. तो मोडल्याशिवाय ती गेली हे सांगता येणार नव्हतं, आणि ती गेली हे या चौकात आता कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण तो मोडला की पुढे मी जे बोलेन ते माझं राहणार नव्हतं, हेही तिनेच मला सांगून ठेवलं होतं. कुणी घाई केली नाही. तेवढी रीत शिल्लक होती.

मग मी म्हणाले, “सर, गिरिजा मॅडमचा फोन लागणार नाही. त्या गेल्या. गंगाखेडला, मागच्या महिन्यात. त्या माझ्या आत्या होत्या... छपराचं मी त्यांना सांगितलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना छप्पर चालणार होतं. पाणी कुठून काढायचं तेसुद्धा त्यांनी मला दाखवलं. पण छप्पर नको, सर. हे मी म्हणतेय, त्या नाही.”